भाकरीचं पीठ मळण्याआधीचा एक तास

आमच्या ऑफिसात नागपूरहून बदली होऊन आलेली एक मुलगी आहे. सांगलीत येऊन तिला तीन महिने झाले होते. एका सोमवारी डबा खाताना तिनं मला विचारलं, "ताई, तुमच्याकडं 'नको' किती वेळा म्हणायचं असतं?"

झालं होतं असं. आदल्या दिवशी संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला ती विश्रामबागेत एका ओळखीच्या घरी कागद द्यायला गेली. आल्या आल्या पाणी आलं. चहाला ती नको म्हणाली, तरी चहा आला आणि त्यामागोमाग भडंगाची ताटली. थोड्या वेळानं आतून काकू म्हणाल्या, "आता जेवूनच जावा." ती नको म्हणाली. काकूंनी परत आग्रह केला, तिनं परत नको म्हटलं. तिसऱ्या वेळी काकू काही बोलल्या नाहीत. निघताना तिच्या हातात भडंगाची पुडी ठेवली आणि "येत जा" म्हणाल्या. काकू रागावल्या की काय, थांबायला हवं होतं की आधीच उठायला हवं होतं, या विचारात तिची रात्र गेली.

तिला समजावताना माझ्या लक्षात आलं की दिवेलागणीपासून रात्रीच्या जेवणापर्यंतचा हा तास आमच्या सांगली-साताऱ्याकडं बऱ्याच न सांगितलेल्या नियमांवर चालतो. इथं वाढलेल्यांना ते अंगवळणी पडलेले असतात. बाहेरून आलेल्यांना कुणी सांगत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळा हिशेब भाकरीचा

सुरुवात स्वयंपाकघरापासून करायला हवी, कारण बाहेरच्या खोलीतल्या बोलण्याची किल्ली तिथं आहे.

आमच्याकडं रात्रीचं जेवण म्हणजे बहुतेक घरांत ज्वारीची भाकरी. गव्हाच्या पिठात ग्लुटेन असतं. त्यानं कणीक ताणली जाते आणि मळून झाकून ठेवली तर उलट मऊ होते. ज्वारीत ग्लुटेन नाही. भाकरीचं पीठ गरम पाण्यात मळतात, कारण गरम पाण्यानं पिठातला स्टार्च थोडा शिजतो, चिकट होतो आणि त्याच्या जोरावर भाकरी थापता येते. हा चिकटपणा फार वेळ टिकत नाही. पीठ पडून राहिलं की भाकरीच्या कडा चिरतात. म्हणून एकदोन भाकरींपुरतंच पीठ मळायचं, थापायची, तव्यावर टाकायची, पाणी फिरवायचं, उलटायची, मग विस्तवावर फुगवायची. असं एकेक करत जावं लागतं. भात वाढवता येतो, आमटीत पाणी घालता येतं, पण आयत्या वेळी आणखी चार भाकरी हव्या असतील तर बाईला परत चुलीपुढं बसावं लागतं.

त्यामुळं कितीजण जेवणार हे स्वयंपाकघराला जेवणाच्या तासभर आधी कळावं लागतं. पाहुण्याला तोंडावर "तुम्ही जेवणार का?" असं विचारणं आमच्याकडं फार वाईट दिसतं. त्या प्रश्नात "नसाल जेवणार तर बरं" असा सूर ऐकू येतो. मग हा प्रश्न चहा, भडंग आणि गप्पांमधून विचारला जातो, आणि उत्तरही तसंच यावं अशी अपेक्षा असते.

म्हणूनच "जेवूनच जावा" हे वाक्य कधी आलं त्याला महत्त्व आहे. चहाबरोबर, पाहुणा अजून बसलेला असताना आणि स्वयंपाकघराच्या दारातून आलं असेल तर ते मनापासूनचं आमंत्रण असतं. परात अजून खाली घेतलेली नसते, त्यामुळं तुमचं उत्तर उपयोगी पडणार असतं. तेच वाक्य तुम्ही चपला घालताना, "एवढ्यात निघालासा? जेवून गेला असता की," असं आलं तर तो प्रेमाचा निरोप असतो. त्याला "पुढच्या वेळी नक्की" हे उत्तर. त्यात खोटेपणा कुणाचाच नाही. दोन्ही बाजूंना ते कळलेलं असतं.

आणि नको किती वेळा? पहिलं नको भिडेपोटी असतं, ते कुणी धरत नाही. दुसऱ्या नकोबरोबर कारण द्यायचं: "घरी आईनं स्वयंपाक केलाय", "डबा लावलाय, तो वाया जाईल". कारण दिलं की आग्रह थांबतो, कारण आता प्रश्न भिडेचा राहत नाही, कुणाच्या तरी शिजवलेल्या अन्नाचा होतो. माझ्या मैत्रिणीनं दोन्ही वेळा नुसतं नको म्हटलं होतं. काकूंना कारण मिळालं नाही, म्हणून त्या गप्प झाल्या आणि त्यांनी भडंग बांधून दिलं. त्यात राग नव्हता. घरी आलेलं माणूस जेवलं नाही, तर त्याच्याबरोबर काहीतरी गेलं पाहिजे, एवढंच.

ताटलीत काय आलं

पुढ्यात काय ठेवलं यावरूनही पुष्कळ कळतं. नुसता चहा आला तर उभ्या-उभ्या आलेल्याचं स्वागत झालं. चहाबरोबर भडंग आलं तर बसा, बोला, घाई नाही. संध्याकाळी सात वाजता पोहे, उप्पीट किंवा शिरा आला, तर घरच्यांनी असं धरलंय की तुम्ही जेवायला थांबणार नाही, म्हणून पोटभरीचं दिलं. आणि जेवायलाच बोलावलं असेल तर मुद्दाम कमी दिलं जातं: लिंबाचं किंवा कोकमाचं सरबत, फार तर भाजलेला पापड. अशा वेळी "काहीच खायला दिलं नाही" असं वाटून घेऊ नये. तुमच्या पोटात जागा राखली जात असते.

मटणाचा बेत असेल तर आणखी एक गोष्ट येते, अळणी. मटण हळद, मीठ, आलं-लसूण लावून शिजवतात आणि मसाला घालण्याआधी त्यातलं पाणी वाटीत काढून घेतात. नाव अळणी असलं तरी त्यात मीठ असतं. तिखट मात्र नसतं. आधी लहान मुलांना, मग पाहुण्यांना, म्हाताऱ्या माणसांना. तांबड्या रश्श्याआधी ही गरम वाटी पोटात गेली की भूक खरोखर उघडते. हॉटेलात जेवणाआधी सूप मागवणाऱ्यांना आपल्याकडं हे घरोघरी पूर्वीपासून आहे याचा विसर पडलेला असतो.

भडंगाबद्दल थोडं जास्त लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. सांगली आणि शेजारचं जयसिंगपूर भडंगासाठी ओळखलं जातं. तेलात शेंगदाणे, ठेचलेला लसूण, कढीपत्ता परतायचा, हळद-तिखट-मीठ, चिमूट-दोन चिमूट साखर, आणि शेवटी मंद आचेवर चुरमुरे. लसूण कुरकुरीत झाला पाहिजे, करपता कामा नये. डबाभर करून ठेवलं की आठवडाभर कुणीही आलं तरी घरची बाई निश्चिंत असते. संध्याकाळच्या पाहुण्यासाठी यापेक्षा सोयीचं काही नाही, आणि त्याचं कारण चुरमुऱ्यात आहे. तांदूळ तापलेल्या वाळूत फुलवला की तो आकारानं कितीतरी पट वाढतो, वजन मात्र तेवढंच राहतं. मोठी वाटी भरून चुरमुरे घेतले तरी ते जेमतेम पंधरा ग्रॅम भरतात. तोंड अर्धा तास चालू राहतं, गप्पा होतात आणि जेवणाची भूक शाबूत राहते. तेवढीच वाटी शेंगदाण्यांची असती तर जेवण संपलंच असतं, कारण शंभर ग्रॅम शेंगदाण्यात साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात. म्हणून भडंगात दाणे थोडे.

चहाच्या आधी, आणि पाण्याच्या मागे

चहा हा या तासातला नवा पाहुणा आहे. १९०३ साली चहावर उपकर बसला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार होऊ लागला. पुढं कित्येक वर्षांच्या जाहिरातींनी आणि स्वस्त दाणेदार चहानं तो खेड्यापाड्यांत पोचला. त्याआधी आलेल्याला गूळ आणि पाणी देत. ऊस आपल्याच शिवारातला, गूळ घरात असायचाच. उन्हातून चालत आलेल्या माणसाला गुळाची साखर लवकर लागू होते आणि घामानं गेलेलं पाणी भरून निघतं. आजही जत-आटपाडीकडं एखाद्या जुन्या घरी गेलात तर गुळाचा खडा आणि तांब्या आधी येतो, चहा नंतर.

पण पाणी देणं-घेणं ही गोष्ट आपल्याकडं कधीच नुसत्या तहानेची नव्हती. कुणाच्या हातचं पाणी चालतं, कुणाला तांब्या मिळतो आणि कुणाच्या ओंजळीत वरून ओततात, यावर माणसाची पायरी ठरवली जायची. हे या लेखात टाळलं तर लेख अर्धवट राहील. १८९० साली पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये एका कार्यक्रमात चहा-बिस्किटं दिली गेली. हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आली. त्यात न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळकही होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि दोघांनाही प्रायश्चित्त घ्यावं लागलं. एका पेला चहासाठी एवढं. ज्यांना गावच्या विहिरीवरच येऊ देत नव्हते त्यांचं काय होत असेल, ते यावरून समजावं.

साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली सगळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केलं. तिथं मुलं एकत्र राहिली, एकत्र रांधली, एका पंगतीला बसली. मला हे शिक्षणाइतकंच मोठं काम वाटतं, कारण सोळा-सतरा वर्षांच्या मुलानं एकदा शेजारच्याच्या हातचं पाणी प्यायलं की तो पुढं आपल्या घरात वेगळी कपबशी ठेवू शकत नाही. तरीही १९७२ साली बाबा आढावांना 'एक गाव, एक पाणवठा' ही मोहीम काढावी लागली. वळचणीला वेगळी ठेवलेली कपबशी आमच्या पिढीतल्या अनेकांनी डोळ्यांनी पाहिली आहे. म्हणून घरी आलेल्या प्रत्येकाला त्याच ट्रेमधून, त्याच कपांतून चहा देणं ही या तासातली सगळ्यांत महत्त्वाची रीत आहे असं मी मानते.

अशीच एक गोष्ट हळदीकुंकवाची. चैत्रात पाच ते सातच्या दरम्यान बायका एकमेकींकडं जातात. आंब्याची डाळ, पन्हं, ओटीत भिजवलेले हरभरे. सगळं थोडं थोडं देतात, कारण एका संध्याकाळी पाच-सहा घरं करायची असतात आणि मग आपापल्या घरी जाऊन स्वयंपाक. एप्रिलमधल्या सांगलीच्या उन्हात कैरी, गूळ, वेलदोडा आणि चिमूटभर मिठाचं पन्हं किती बरं वाटतं ते इथं राहिल्यावरच कळतं. आणि सांगलीची हळद तर प्रसिद्धच आहे, २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. पण माझे वडील गेले त्या वर्षीच्या चैत्रात आईला एकही बोलावणं आलं नाही. शेजारच्या बायका दारावरून जात होत्या आणि ती आत बसून हरभरे निवडत होती. पुढच्या वर्षापासून आमच्या घरचं पहिलं कुंकू मी आईला लावते. मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा तो पेपर मी जपून ठेवला. हेरवाड आमच्यापासून लांब नाही.

दिव्याची वेळ, आणि वेगवेगळी घड्याळं

तिन्हीसांजेला आलेल्या माणसाला उंबऱ्यावरून परत पाठवत नाहीत. त्या वेळी दार उघडं असतं, लक्ष्मी यायची वेळ म्हणतात. तुम्ही बसलेले असताना देवापुढं किंवा तुळशीपाशी दिवा लागला तर बोलणं क्षणभर थांबवून हात जोडावेत. घरातली लहान मुलं शुभंकरोती म्हणून मोठ्यांच्या पाया पडतात, तुमच्याही पडतील. दिवा लागल्यावर दूध, दही, मीठ शेजारी देत नाहीत असं मानणारी घरं अजून आहेत. विरजण हवं असेल तर आधीच मागावं.

ही वेळ सरकती असते. नोव्हेंबरअखेर सांगलीत सहाच्या आसपास सूर्य मावळतो, जुलैच्या सुरुवातीला सातच्या पुढं. आपण घड्याळ बघून जातो, घरं मात्र सूर्य बघून चालतात. काही घरांत तर अगदी काटेकोर. सांगली-कोल्हापूर भागात जैन समाज मोठा आहे. दक्षिण भारत जैन सभा ही १८९९ मधली संस्था इथलीच. रात्रीभोजन न करणारी घरं सूर्यास्ताच्या आत जेवून घेतात, काहीजण नंतर पाणीही घेत नाहीत. अशा घरी सात वाजता गेलात तर तुमच्यापुढं चहा येईल, घरचे नुसते सोबत बसतील. "तुम्ही पण घ्या की" असा आग्रह तिथं करू नये. आणि जेवायचं बोलावणं असेल तर साडेपाचलाच पोचावं.

मिरजेत रमजानात उलटं असतं. सूर्यास्तापर्यंत काहीच नाही, मग खजूर आणि पाणी, फळं, भजी, मगरिबची नमाज आणि त्यानंतर जेवण. दिवसभराच्या उपवासानंतर थेट ताटावर न बसता आधी थोडं गोड आणि पाणी, मग थोडी उसंत. आमच्या गूळ-पाण्यासारखंच हे मला वाटतं. मिरजेच्या मैत्रिणीकडं इफ्तारला जायचं तर सूर्यास्ताच्या दहा मिनिटं आधी जावं. उशिरा गेलं तर खजुराची बशी धरून कुणीतरी आपल्यासाठी खोळंबतं.

पोटाला काय कळतं

भूक आणि घड्याळ यांचं नातं शरीरातही आहे. जठरातून घ्रेलिन नावाचं संप्रेरक स्रवतं, त्याचा शोध १९९९ मध्ये लागला. आपल्या नेहमीच्या जेवणाच्या वेळेआधी ते वाढतं. रोज आठला जेवणाऱ्याला साडेसातला भूक लागते ती त्यामुळं. आतून लसणाच्या फोडणीचा वास आला की तोंडाला पाणी सुटतं, जठरातही पाचकरस सुटू लागतो, म्हणजे घास घेण्याआधीच पोट तयारीला लागतं. उलट पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत नीट पोचायला पंधरा-वीस मिनिटं जातात. गप्पांच्या नादात भजी खात गेलं तर कळतच नाही, आणि पानावर बसल्यावर पहिल्या भाकरीलाच हात थांबतो.

चहाबाबत मात्र बायकांनी विशेष जपावं असं मला कळकळीनं वाटतं. चहातले टॅनिनसारखे पदार्थ भाकरी, डाळ, पालेभाजी यांतल्या लोहाला धरून ठेवतात आणि ते अंगी लागू देत नाहीत. आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये शंभरात सत्तावन्न जणींना रक्तक्षय आहे, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं. पाहुण्याबरोबर साडेसातला चहा, लगेच भाकरी करायला उठायचं आणि सगळ्यांचं झाल्यावर जेवताना परत उरलेला अर्धा कप, हे मी आईचं, सासूबाईंचं पाहिलं आहे. चहा आणि जेवण यांत निदान तासाचं अंतर ठेवावं. जेवताना लिंबू पिळावं, त्यातल्या क जीवनसत्त्वामुळं लोह अधिक शोषलं जातं. संध्याकाळी उशिरा घेतलेल्या चहातलं निम्मं कॅफीन चार-पाच तासांनीही रक्तात असतं, त्यामुळं झोपही लांबते.

मधुमेहाचा पाहुणा असेल तर गूळही साखरच आहे हे लक्षात ठेवावं. "गूळ चालतो हो" म्हणून भरीस घालू नये. आणि पाहुण्यानंही चहा टाकण्याआधीच सांगावं, "माझा बिनसाखरेचा". कप पुढं आल्यावर सांगितलं तर तो ओतून दुसरा करावा लागतो.

आणखी एक सांगते. बाहेर गप्पा रंगतात तेव्हा आत एकटी बाई भाकरी थापत असते आणि ती शेवटी जेवते. हा तास सगळ्यांचा करायचा असेल तर पाहुण्यानं आत जावं. कांदा चिरावा, पानं मांडावीत, पाणी भरावं. "असू द्या, तुम्ही बसा" असं एकदा म्हणतील. तिथं मात्र ऐकू नये.

हे सगळं त्या मुलीला सांगून झालं. दोन आठवड्यांनी ती भडंगाचा डबा परत द्यायला त्याच घरी गेली. हो, पुढच्या वेळी काकूंनी पुडीऐवजी डबाच दिला होता, आणि डबा रिकामा परत द्यायचा नसतो म्हणून तिनं त्यात घरी केलेल्या तिळाच्या वड्या घातल्या होत्या. चहा झाल्यावर ती सरळ आत जाऊन लसूण सोलायला बसली. काकूंनी जेवणार का असं विचारलंच नाही. परात पुढं ओढत म्हणाल्या, "भाकरी का चपाती?"

"भाकरी," ती म्हणाली, आणि काकूंनी पाणी गरम करायला ठेवलं.